मागून उंच पिकअप सपाट करायची होती: बेळगावातलं एक प्रकरण

गाडी एक टनाच्या वर्गातली, सिंगल कॅब, केए-२२ पासिंगची, सात वर्षं जुनी. पुढे टॉर्शन बार, म्हणजे पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा; मागे प्रत्येक बाजूला स्प्रिंगचे पाच पाटे आणि त्यांच्याखाली एक जाड हेल्पर, म्हणजे जास्त भार आला की टेकणारा जादा पाटा. पहिल्या मालकाने तिच्यातून भाजी वाहिली. आताचे मालक येळ्ळूरकडचे. त्यांनी हौद्यावर पत्र्याचं फिरतं स्वयंपाकघर बसवून घेतलं आणि आरसी बुकात बॉडीची तशी नोंदही करून घेतली, हे विशेष. संध्याकाळी टिळकवाडीत मिरची भजी, वडा, चहा. जत्रांच्या दिवसांत सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगरापर्यंत फेऱ्या. पावसाळ्यात शनिवार-रविवारी जांबोटी रस्ता, कारण चोर्ला घाटाकडे धबधबे बघायला जाणाऱ्या पोरांना भिजल्यावर भजीच लागतात.

गॅरेजमध्ये आम्ही त्यांना मामा म्हणतो. मामांच्या मूळ तक्रारी दोन होत्या. पहिली कढईची. "तेल सगळं केबिनकडं पळतंय बघा. फुडचं भजं बुडतंय, मागचं उघडं राहतंय." दुसरी आदळण्याची. खड्डा आला की मागची बाजू उडायची, ग्लास फुटायचे, काउंटरच्या अँगलची वेल्डिंग सुटायची. दोन्हीचं कारण त्यांच्या लेखी एकच: गाडी मागून उंच आहे.

ते आधी एका पाटेवाल्याकडे गेले. त्याने तासाभरात प्रत्येक बाजूचे दोन-दोन पाटे काढून दिले. त्या माणसाला मी नावं ठेवणार नाही. त्याचा रोजचा धंदा म्हणजे उसाच्या ट्रॉल्या आणि ट्रक यांचे तुटलेले पाटे. गिऱ्हाईक म्हणालं बसवून द्या, त्याने बसवून दिली. गाडी खरंच बसली. जरा जास्तच बसली. पाण्याची टाकी भरली की तेल आता मागच्या दाराकडे पळू लागलं. प्रत्येक स्पीडब्रेकरला खालून धाडकन आवाज. आणि जांबोटी रस्त्यावर पावसात म्हैस आडवी आली तेव्हा ब्रेक मारल्यावर गाडीची मागची बाजू उजवीकडे सरकली. दैव चांगलं म्हणून समोरून कोणी येत नव्हतं.

यावर एका गॅरेजने मागच्या ब्रेकचे लायनर बदलले, व्हील सिलिंडर बदलले. पैसे गेले, गुण आला नाही. मग मामा आमच्याकडे आले. "मेस्त्री, ब्रेक दाबला की मागचं ढुंगण फिरालंय."

म्हणजे उंचीची तक्रार घेऊन निघालेला माणूस आता ब्रेकची तक्रार घेऊन उभा होता. या प्रकरणात लिहिण्यासारखं आहे ते हेच. एरवी पाटे काढणं-घालणं यात नवल काही नाही.

गाडीखाली गेल्यावर

घोडीवर गाडी चढवली आणि पहिल्यांदा दिसले ते यू-बोल्टचे, म्हणजे पाट्यांचा गठ्ठा हौजिंगला (मागच्या दोन चाकांमधल्या आडव्या आसाला) बांधणाऱ्या बोल्टचे, वायसर. एकेका नटाखाली तीन-तीन, वेगवेगळ्या जाडीचे, एक तर चक्क कापलेल्या पट्टीचा. दोन पाटे कमी झाल्यावर गठ्ठ्याची जाडी कमी झाली, नट आटे संपेपर्यंत गेला तरी गठ्ठा आवळला जाईना, म्हणून वायसर भरलेले. त्यातला एक वायसर बोटाने फिरत होता. यू-बोल्ट सैल असला की पाटा हौजिंगवर किंचित सरकत राहतो, सगळा भार गठ्ठ्याच्या मधोमध असलेल्या सेंटर बोल्टवर येतो, तो तुटला की हौजिंग एका बाजूने मागे जातं. चोर्ला घाटात हे व्हायला नको.

हौजिंग चासीवर आदळू नये म्हणून बसवलेल्या बंप रबरावर ताजी घासलेली चमक होती. रबर आणि हौजिंग यांच्यात अंतर उरलं होतं २५ मिलिमीटर. धाडकन आवाजाचं मूळ ते.

आणि मग तो दांडा. हौजिंगपासून वर चासीकडे जाणारा, बोटाएवढा जाड, वरच्या टोकाला एका व्हॉल्व्हच्या हाताला जोडलेला. भाराप्रमाणे मागचा ब्रेक कमी-जास्त करणारा हा व्हॉल्व्ह. आमच्याकडे त्याला एलएसपीव्हीच म्हणतात. एबीएस नसलेल्या पुष्कळ पिकअपना तो असतो आणि पुष्कळ मालकांना तो आहे हेच माहीत नसतं. मामांच्या गाडीत त्याचा हात जवळजवळ पूर्ण भरलेल्या गाडीच्या जागी जाऊन बसला होता.

त्याचं काम साधं आहे. ब्रेक मारला की वजन पुढच्या चाकांवर जातं आणि मागची चाकं हलकी होतात. रिकाम्या पिकअपची मागची चाकं मुळातच हलकी. त्यांना पुढच्याइतकाच दाब दिला तर ती आधी जाम होतात, आणि जाम झालेलं मागचं चाक सरळ राहत नाही, बाजूला निघतं. म्हणून हा व्हॉल्व्ह रिकाम्या गाडीत मागचा दाब अडवून धरतो आणि भरलेल्या गाडीत सोडतो. पण गाडी रिकामी की भरलेली हे त्याला कळणार कसं? त्याला वजन कळत नाही. चासी आणि हौजिंग यांच्यातलं अंतर तेवढं कळतं. अंतर कमी झालं म्हणजे माल भरला, एवढंच त्याचं ज्ञान.

आता पाटे काढून गाडी बसवली की व्हॉल्व्हच्या दृष्टीने माल भरला. तो मागे पूर्ण दाब सोडतो. गाडीत तेवढा माल नाहीच. ओल्या रस्त्यावर चाकं जाम. मामांनी लायनर नवे टाकले तेव्हा मागचा ब्रेक अजून चांगला धरू लागला आणि घसरणं वाढलं. त्या गॅरेजने काम नीट केलं होतं, इलाज मात्र भलत्या आजाराचा.

काटा आणि टेप

मामांनी काढलेले चारही पाटे भंगारात घातले नव्हते, गोणपाटात बांधून काउंटरखाली ठेवले होते. त्यामुळे आमचं काम सोपं झालं. पाटे परत बसवले, गाडी कंपनीतून आली तशी केली आणि मग मोजलं. बिघडलेल्या गाडीवरून हिशेब सुरू केला तर कुठे पोचू याचा नेम नसतो.

मोजण्यातही एक खाच आहे. पाटे एकमेकांवर घासतात. त्या घर्षणामुळे गाडी जॅकवरून उतरवली की लगेच खरी उंची दाखवत नाही. थोडी पुढे-मागे ढकलायची, मागून चांगली दाबून सोडायची, हवा सांगितली तेवढी भरायची आणि सपाट फरशीवर मोजायचं. चाकाच्या कमानीपासून मोजू नये. पुढची आणि मागची कमान मुळात सारख्या उंचीची नसते. आम्ही चासीच्या खालच्या कडेपासून जमिनीपर्यंत, दोन्ही चाकांच्या रेषेत मोजलं. दोन चाकांतलं अंतर तीन मीटर.

स्वयंपाकघरासह, टाकी भरून, दोन सिलिंडर आणि दोन माणसं धरून मागची बाजू पुढच्यापेक्षा ५० मिलिमीटर उंच निघाली. त्याच मॉडेलची एक रिकामी गाडी आवारात होती, तिच्यात हाच फरक ९० मिलिमीटर. दोन्ही गाड्या मार्केट यार्डाकडच्या वजनकाट्यावर नेल्या. आधी पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची. रिकामी गाडी: पुढे ८८० किलो, मागे ७२०. मामांची: पुढे ९५०, मागे १,१६०. म्हणजे सगळ्या स्वयंपाकघराचं ओझं ५१० किलो, त्यातलं ४४० मागे. आणि आरसीप्रमाणे गाडीची क्षमता १,२०० किलो.

या आकड्यांत सगळं आलं. एका बाजूच्या पाट्यांवर २२० किलो वाढले आणि मागची बाजू ४४ मिलिमीटर बसली, म्हणजे पाच किलोला एक मिलिमीटर. (पुढची बाजू चार मिलिमीटर बसली, म्हणून ९० चे ५० झाले.) ही गाडी बाराशे किलोंसाठी बनवलेली आहे. तेवढा माल टाकल्यावर ती मागून बसून सपाट व्हावी म्हणूनच कंपनी ती रिकामी असताना मागून उंच ठेवते. मामांचा माल कायम पाचशे किलो. ना रिकामी, ना भरलेली. त्यामुळे ती कायम थोडी उंच आणि कायम थोडी कडक राहणार होती.

दोन पाटे काढल्यावर काय झालं तेही आता मांडता येतं. हौजिंग आणि चाकांचं वजन सोडलं तर एका बाजूच्या पाट्यांवर साधारण ४९० किलो भार येतो. पाच पाट्यांवर तो ९८ मिलिमीटर दाबतो. पाटे एकसारख्या जाडीचे असतील तर पाचाचे तीन केल्यावर ताकद तीन पंचमांश होते आणि तोच भार १६३ मिलिमीटर दाबतो. फरक ६५. शिवाय या गाडीत पाट्यांचा गठ्ठा हौजिंगच्या वर बसतो, म्हणून काढलेल्या दोन पाट्यांची जाडी, आठ आणि आठ सोळा, तीही उंचीतून वजा. हिशेबाने ८१ खाली जायला हवी होती. हेल्पर आधीच टेकला म्हणून ७० वर थांबली. ५० उंच होती ती २० मिलिमीटर खाली गेली. तेल मागे पळणारच.

आणि व्हॉल्व्ह? त्याला रिकाम्या गाडीपेक्षा ४४ अधिक ७०, म्हणजे ११४ मिलिमीटर बसलेली गाडी दिसत होती. मूळ पाट्यांच्या हिशेबात एवढं बसायला मागच्या चाकांवर १,१०० किलोंहून जास्त माल लागतो. खरा माल ४४० किलो.

तेलाचा प्रश्न वेगळा काढला

इथे मामांशी थोडा वाद झाला. त्यांना गाडी दोरीत हवी होती, शून्य फरक. मी त्यांना हिशेब दाखवला. तीन मीटरला ५० मिलिमीटर म्हणजे पावणेदोन टक्क्यांहून थोडा कमी उतार. चाळीस सेंटीमीटरच्या कढईत एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत पावणेसात मिलिमीटरचा फरक. भजी तळणाऱ्याला हा फरक जाणवतो, मान्य. पण साध्या डांबरी रस्त्याला पाणी निथळावं म्हणून दोन ते अडीच टक्के आडवा उतार मुद्दाम दिलेला असतो. टिळकवाडीत गाडी रस्त्याच्या कडेला लावली की गटाराच्या बाजूला तेल याहून जास्त पळणार. गाडीची चासी कितीही दोरीत आणली तरी रस्ता दोरीत येत नाही.

म्हणून शेगडीखाली चार बोल्टचे पाय लावले, खाली-वर फिरवता येणारे, आणि काउंटरवर गवंड्याची पाणसळ ठेवून दिली. गाडी उभी केली की दोन मिनिटांत शेगडी सपाट. हे काम एका फॅब्रिकेटरने अर्ध्या दिवसात केलं. मामांची पहिली तक्रार पाट्यांना हात न लावता मिटली. तवा, चहाची किटली, फ्रीजचं पाणी, कशाचीच चिंता उरली नाही. पुढच्या चाकांखाली फळ्या घालूनही हे जमतं, काही गाडेवाले तसं करतातच. पण फळी निसटण्याचा धोका आणि रोजची कटकट, म्हणून पाय बरे.

राहिलं आदळणं. त्याला मात्र पाटेच कारण होते.

कसं बसवायचं याचे मार्ग

मामांच्या मेहुण्याने कुठेतरी बघितलं होतं की ठोकळा टाकला की गाडी बसते. काही गाड्यांत बसते. ज्या गाडीत पाटे हौजिंगच्या खालून बांधलेले असतात तिथे मध्ये ठोकळा टाकला की चासी खाली येते. या गाडीत पाटे वरून आहेत. इथे ठोकळा टाकला तर गाडी आणखी उंच होईल. कंपनीचाच ठोकळा असेल तर तो काढून उतरवता येते. या गाडीत तो नव्हता.

शॅकलचंही तसंच. शॅकल म्हणजे पाट्याचं एक टोक चासीला जोडणारी हलती कडी. शॅकलच्या टोकाला जेवढा फरक कराल त्याच्या निम्मा चाकाजवळ मिळतो, कारण चाक साधारण दोन टोकांच्या मध्यावर असतं. चाळीस मिलिमीटर उतरवायचं तर शॅकल ऐंशीने बदलायला हवा. चासीपासून खाली लटकणारा शॅकल उतरवण्यासाठी आखूड करावा लागतो, आणि ऐंशीने आखूड करण्याएवढी लांबीच त्याची नसते. लांब केला तर उलटाच परिणाम. ज्या गाड्यांत शॅकल खालून वर उभा असतो तिथे लांब शॅकलने गाडी उतरते. म्हणून दुसऱ्याच्या गाडीत काय चाललं ते बघून आपल्या गाडीत करू नये. आधी खाली वाकून बघावं. शिवाय एकाच टोकाला बदल झाला की हौजिंग थोडं फिरतं, शाफ्टच्या जॉइंटचा कोन बिघडतो, मग पाचर घालून तो सुधारावा लागतो.

हौजिंग पाट्यांच्या वर घेणं हा शौकिनांचा मार्ग. त्यात शंभर मिलिमीटरच्या वर गाडी उतरते आणि हौजिंगला जागा करायला चासी कापावी लागते. माल वाहणाऱ्या गाडीची चासी कापणं आमच्या गॅरेजला चालत नाही, विषय संपला.

पुढची बाजू उचलणं सोपं होतं. टॉर्शन बारचा बोल्ट आवळला की नाक वर येतं, पैसे जवळजवळ लागत नाहीत. पण नाक उचलून मागचं आदळणं कमी होत नाही. वर पुढची चाकं खड्ड्यात खाली जायला कमी जागा उरते, बॉल जॉइंट तिरके राहतात, अलाइनमेंट नव्याने करावी लागते. आणि काउंटर आधीच उंच; येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना चहा घ्यायला हात वर करावा लागत होता.

उरले दोन. पाट्यांची कमान उतरवणं किंवा पाटा कमी करणं. कमान उतरवली तर उंची कमी होते, कडकपणा तसाच राहतो, कारण पाट्याची ताकद त्याच्या जाडी-रुंदी-लांबीवर आणि संख्येवर ठरते, कमानीवर नाही. मामांना तर मऊपणा हवा होता. आणि कमान उतरवण्याचं काम आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी गॅस लावून लाल करून होतं. पाट्याचं पोलाद कठीण करून, मग ठरावीक तापमानाला उतरवून तयार केलेलं असतं. त्याला गॅसने लाल केलं की ते संस्कार निघून जातात, आणि तो पाटा एक तर बसत जातो नाही तर त्याच जागी तुटतो. करायचीच तर थंडा पाटा, प्रेसवर.

आम्ही प्रत्येक बाजूचा एकच पाटा काढला. चौथा. पहिला मेन, आणि दुसरा मेनच्या डोळ्याला, म्हणजे टोकाच्या गोल वळीला, आधार देणारा. मेन तुटला तर चाक जागेवर धरतो तो दुसराच, म्हणून त्याला हात लावायचा नाही. हिशेब असा: चार पाट्यांवर ४९० किलो भार १२२ मिलिमीटर दाबतो, पाचांपेक्षा २४ जास्त, अधिक पाट्याची जाडी आठ. एकूण ३२. प्रत्यक्षात गाडी ३३ ने बसली. मागची बाजू आता पुढच्यापेक्षा १७ मिलिमीटर उंच.

ती तेवढी उंच राहू दिली. जत्रेला जाताना बेसनाची पोती, तेलाचे डबे, जादा सिलिंडर असं शंभर-दीडशे किलो वाढतं, तेव्हा ती सपाट होते. बंप रबराला ६२ मिलिमीटर जागा राहिली. त्या रबराला खालून कापून जागा वाढवणारे भेटतात. मग शॉकअप आतून आदळतो आणि फुटतो.

यू-बोल्ट नवे घातले, गठ्ठ्याच्या नव्या जाडीला बेताचे. जुने ताणलेले यू-बोल्ट आणि त्यावर वायसरची चळत, दोन्ही नको. चारही नट तिरपे आलटून-पालटून टॉर्क रेंचने आवळले. शॅकलचे आणि पुढच्या डोळ्याचे बोल्ट मात्र चाकं जमिनीवर टेकल्यावर, गाडीचं वजन पाट्यांवर आल्यावरच आवळले. हवेत आवळले तर रबरी बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतात आणि लवकर फाटतात.

व्हॉल्व्ह

३३ मिलिमीटर बसवल्यावर व्हॉल्व्हला पुन्हा फसवणूक झालीच. त्याच्या लेखी मागे पावणेआठशे किलो माल. म्हणून पाटा काढण्याआधीच, पाच पाटे आणि पूर्ण स्वयंपाकघर असताना, त्याच्या हाताची जागा चासीवर रंगाने खूण करून ठेवली होती. पाटा काढल्यावर हात खुणेच्या वर गेला. दांड्याच्या जोडाची पट्टी बदलून तो परत खुणेवर आणला. म्हणजे मामांच्या खऱ्या वजनाला जेवढा दाब मागे जायला हवा तेवढाच जाईल.

डोळ्याने खूण जुळवली म्हणजे काम झालं असं मी मानत नाही. पुढच्या आणि मागच्या ब्रेकच्या लाइनीला दाबाचे गेज लावून, कंपनीच्या तक्त्याशी ताडून मग व्हॉल्व्ह लॉक केला. ज्या गॅरेजकडे गेज आणि तक्ता नाही त्याने हे काम कंपनीच्या सर्व्हिसकडे पाठवावं, त्यात कमीपणा नाही. नंतर पावसात भिजलेल्या रिकाम्या रस्त्यावर, हळू वेगाने, मामांना बाजूला बसवून ब्रेक मारून बघितला. पुढची चाकं आधी धरली, गाडी सरळ थांबली. मामा काही बोलले नाहीत, पण खिडकीची दांडी धरलेला हात सोडला.

एक गोष्ट यात अटळ आहे. दांडा आता नव्या उंचीला जुळवलाय. उद्या कोणी तो काढलेला पाटा परत घातला आणि दांडा तसाच ठेवला, तर उलटं होईल: गाडी भरलेली असली तरी व्हॉल्व्ह तिला रिकामी समजेल, मागचा ब्रेक कमी लागेल आणि थांबायला जास्त अंतर लागेल. चोर्ल्याच्या उतारावर भरलेली गाडी पुढच्या ब्रेकवरच रोखायची म्हणजे काय ते ड्रायव्हर जाणतात. म्हणून मामांच्या बिलावर आणि व्हॉल्व्हच्या शेजारी चासीवर रंगाने, दोन्हीकडे लिहून ठेवलं.

दिवे आणि कागद

पाटेवाल्याकडून गाडी आली तेव्हापासून समोरचे लोक मामांना अप्पर-डिपर मारत होते, आणि मामांना वाटायचं लोकांना घाई आहे. मागची बाजू ७० मिलिमीटर बसली की तीन मीटरच्या गाडीत दहा मीटरवर दिव्याचा झोत २३ सेंटीमीटर वर चढतो. खालचा झोत साधारणपणे दहा मीटरला दहा सेंटीमीटर खाली झुकवलेला असतो. म्हणजे मामांचा डिपर थेट समोरच्याच्या डोळ्यांत. आमच्या ३३ मिलिमीटरनेही झोत ११ सेंटीमीटर चढतो, झुकाव पूर्ण संपतो. भिंतीवर रेघ मारून, गाडी दहा मीटरवर लावून, टाकी भरलेली आणि ड्रायव्हर जागेवर असताना दिवे परत लावले.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीतले तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांशी विसंगत होतील असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए मध्ये बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहेत. आम्ही चासी कापली नाही, वेल्डिंग केलं नाही, व्हीलबेस बदलला नाही, आणि जे केलं ते परत जसंच्या तसं करता येतं. तरी आरसीवर लिहिलेली बाराशेची क्षमता या चार पाट्यांवर खरी नाही, हे मामांना स्वच्छ सांगितलं. गाडी आठ वर्षांची झाली की फिटनेस दरवर्षी, आणि तिथे ब्रेक बघतात. गाडी मालवाहतुकीसाठी विकायची झाली तर आधी पाटे घालून, व्हॉल्व्ह पूर्ववत करून मगच द्यायची. काढलेले पाटे ग्रीस लावून मामांच्या घरी माळ्यावर आहेत.

काही दिवसांनी यू-बोल्ट परत आवळायला गाडी बोलावली. नवे बोल्ट पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये थोडे बसतातच. वेल्डिंग सुटलेली नव्हती. ग्लास अजून अधूनमधून फुटतात, त्याला खड्डे जबाबदार.

त्या वेळी मामांसोबत त्यांच्या भावकीतला एक पोरगा आला होता. त्याचीही तसलीच पिकअप, रात्री बेळगावच्या मार्केटमधून भाजी भरून चोर्ल्यामार्गे गोव्याला. "माझी पण मागनं लई उंच दिसतीया, एक-एक पाटा काढून द्या की." त्याला म्हटलं, रात्री माल भरलास की घाटात शिरायच्या आधी ये आणि टेप लाव. तो भरलेली गाडी घेऊन आला. हजार किलो माल, मागची बाजू पुढच्याशी जवळजवळ बरोबरीत, बंप रबराला बोटभर कमी-जास्त जागा. तिच्यातला पाटा काढला असता तर कणकुंबीच्या पुढच्या पहिल्याच खड्ड्यात हौजिंग रबरावर बसलं असतं. त्याच्या गाडीचं आम्ही काहीच केलं नाही. मागच्या चाकांची हवा कमी होती, ती भरून दिली.